गिरणगावची मतपेटी व आपला समाज

वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी आज्ञा संपादकमंडळाने केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु गेल्या वार्षिक सभेत एका तरुण ज्ञातिबांधवाने जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनातून गेला नाही. त्याने विचारले, “मुंबईत आपली मते किती आहेत, आणि ती सर्व मिळून कोणाला द्यावयाची हे आपली संस्था का ठरवीत नाही?” सभेत टाळ्या झाल्या. अध्यक्षमहाशयांनी तो विषय पुढील सभेवर ठेवला. पुढील सभा भरण्यापूर्वी आपल्या वाडवडिलांनी या शहरात मत कसे मिळविले व कसे वापरले, हे ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या नजरेखाली यावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आपली बहुसंख्य कुटुंबे कोकणातून मुंबईस आली ती गिरण्यांमुळे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, शिवडी हा सारा टापू गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला व त्यास गिरणगाव असे नाव पडले. बोटीने येणारा चाकरमानी धक्क्यावर उतरे, तो गाववाल्याचा पत्ता शोधीत गावकीच्या खोलीवर जाई. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीत पाळीपाळीने वीस-वीस माणसे राहात. मुकादमाच्या शब्दावर गिरणीत बदली मिळे, खाणावळीत जेवण होई, आणि महिन्याच्या महिन्यास गावी मनिऑर्डर जाई. ज्ञातीचा, गावाचा व नात्याचा आधार हाच त्या काळी परक्या शहरातील मुख्य आधार होता. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था निघाल्या त्या याच गरजेतून. ही गोष्ट प्रारंभीच सांगतो, कारण ज्ञातीच्या आधाराचे मोल कमी लेखावे असा या लेखाचा हेतू नाही.

या माणसांस फार काळपर्यंत मत नव्हते. तथापि मत नव्हते म्हणून त्यांस राजकारण नव्हते असे कोणी समजू नये. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्या सभांतून तयार झालेल्या मागणीपत्रावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी मागणाऱ्या त्या चळवळीस १८९० च्या जून महिन्यात यश आले. आज आपण रविवारी ज्ञातीचे मेळावे भरवितो, ती सुटी या सह्यांची व अंगठ्यांची कमाई आहे. पुढे १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षास एक या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या व लष्कराच्या गोळ्यांस कामगार बळी पडले. यांपैकी बहुतेकांस नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत देण्याचा अधिकार नव्हता.

मताधिकार पैशावर होता. १९२२ साली मुंबई नगरपालिकेचा मताधिकार विस्तृत झाला, तेव्हा दरमहा दहा रुपये भाडे भरणारास मत मिळाले. गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे सामान्यतः त्याहून कमी असे, आणि भाड्याची पावती एकाच्या नावे असे. म्हणजे वीस माणसांच्या खोलीत मत बहुधा शून्य, फार तर एक. प्रौढ मताधिकाराची पहिली नगरपालिका निवडणूक झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली. ज्या हक्कासाठी आपल्या आजोबांस अर्धे आयुष्य थांबावे लागले, तो हक्क गठ्ठा बांधून कोणाच्या हाती द्यावयाचा, असा विचार आज आपण करीत आहो, हे लक्षात असावे.

आता ज्ञाती व मत यांच्या संबंधाकडे वळू. गिरणीत खाती होती, आणि खात्यांत जाती होत्या. साचाखात्यात म्हणजे विणकामात पगार अधिक, परंतु तेथे अस्पृश्य मानलेल्या बंधूंस प्रवेश नसे. कारण असे सांगत की धोट्यातील कांडी बदलताना नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याने तोंडास कसा लावावा? अशा रीतीने कमी पगाराचे रिंगखाते त्यांच्या वाट्यास आले. १९२८ साली सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, त्याच वर्षी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांस हा प्रश्न स्पष्टपणे विचारला व साचाखात्याची दारे सर्वांस उघडण्याची मागणी लावून धरली. साचाखात्यात आपल्या ज्ञातीचे लोक पुष्कळ होते. धोटा विटाळतो असे म्हणणाऱ्यांत आपलेही लोक होते, हे कबूल करणे प्राप्त आहे. एका बावट्याखाली संप करणारे हात एका धोट्यास मात्र लागू दिले गेले नाहीत. या अविश्वासाची किंमत पुढे मतपेटीत मोजावी लागली.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते भायखळा-परळ भागातून उभे राहिले, आणि त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने सुप्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांस उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. दोन्ही उमेदवार अस्पृश्य गणलेल्या समाजांतील, दोघेही आपापल्या क्षेत्रात थोर. मतदारास येथे जातीपलीकडचा विचार करावाच लागला. पुढील वर्षी, १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात, संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. तेव्हा गिरणगावात दोन्ही बावटे एकत्र फडकले.

परंतु १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली आणि ही एकी टिकली नाही. मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते होती, व ती दोन निरनिराळ्या उमेदवारांस द्यावयाची होती. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर त्यांतील एकच मोजला जाई. बाबासाहेब राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते, आणि कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे हेही त्याच मतदारसंघात उभे होते. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी व नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांस १,३८,१३७ मते पडली व बाबासाहेबांस १,२३,५७६. अंतर साडेचौदा हजारांचे, आणि बाद ठरलेली मते सत्तर हजारांहून अधिक! दुसरे मत कोणास न देता वाया घालवा, असा प्रचार झाल्याची तक्रार निवडणूक अर्जात करण्यात आली. तो अर्ज फेटाळला गेला. कायद्याचा निकाल काहीही असो, राज्यघटनेच्या शिल्पकारास मजुरांच्या वस्तीतून लोकसभेत जाता आले नाही, ही गोष्ट शिल्लक राहते. गठ्ठा बांधून मत देण्याच्या हिशेबात दुसऱ्याचे नुकसान करणे किती सोपे असते, याचे याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही.

पाचच वर्षांत चित्र पालटले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला व १९५६ च्या जानेवारीत गिरणगावच्या गल्ल्यागल्ल्यांत गोळ्या झाडल्या गेल्या. हुतात्म्यांत गिरणी कामगार होते, शाळकरी मुले होती. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघातून समितीचे दोन उमेदवार उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर कॉ. डांगे, आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघेही निवडून आले. आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेत गेले. जे दुसरे मत १९५२ साली वाया गेले, तेच १९५७ साली जोडीदाराच्या पेटीत पडले. मतदार बहुतांशी तेच होते, वस्ती तीच होती. मात्र या वेळी एकाच गोळीबारात सर्वांची माणसे पडली होती. शेजाऱ्याच्या दारातून तिरडी उठलेली ज्याने पाहिली, त्याने शेजाऱ्याच्या उमेदवारास मत दिले.

परंतु मतदाराचे हे प्रेम आंधळे नव्हते. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले, समितीचे कार्य संपले, तिच्यात फूट पडली, व चीनच्या सरहद्दीच्या वादाने कम्युनिस्टांविषयी शंका उत्पन्न झाली. १९६२ साली ज्यांनी डांग्यांस डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांचा पराभव केला. १९६७ साली पुन्हा निवडून दिले. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य पुढाऱ्यास जॉर्ज फर्नांडिस या तरुण कामगार पुढाऱ्याने हरविले. युनियनची वर्गणी एकाला आणि मत दुसऱ्याला, हे गिरणगावात नवल नव्हते. पगाराच्या भांडणास कोण उपयोगी आणि राज्यकारभारास कोण, हा विचार कामगार स्वतंत्रपणे करीत असे.

१९६६ च्या १९ जून रोजी शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणास नोकरी मिळत नाही, हे तिचे म्हणणे चाळीचाळींतून पटू लागले. बाप लाल बावट्याचा आणि मुलगा सेनेच्या शाखेत, अशी घरे झाली. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत सेनेचे ४२ नगरसेवक निवडून आले. १९७० च्या जून महिन्यात परळ-लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. त्या रात्री आमच्या चाळीच्या जिन्यावर दिवा लावण्यास कोणी धजले नाही, हे मला आठवते. त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक सुमारे सतराशे मतांनी निवडून आले व सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. सतराशे मते म्हणजे किती? दहा-बारा चाळी. एक सबंध वस्ती जवळजवळ मधोमध दुभंगली होती, आणि ती दुभंगली ती जातीजातींच्या मधून नव्हे. एकेका घराच्या मधून दुभंगली. माझे वडील एका बाजूस होते व धाकटे काका दुसऱ्या बाजूस. काकांनी दोन महिने आमच्याकडे जेवण घेतले नाही. गणपतीच्या दिवशी आजीने दोघांस एका पाटावर बसविले, तेव्हा ते बोलते झाले.

मत न देणे हेही एक मत असते, हे १९७४ च्या जानेवारीत दिसले. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्कार पुकारला, आणि त्या दिवसांत वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल उसळली. कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे त्या निवडणुकीत विजयी झाल्या. पुढे आणीबाणी आली. १९७७ साली मुंबईच्या सहाही लोकसभा जागांवर काँग्रेसचा पराभव झाला. त्यांत दोन स्त्रिया निवडून आल्या, मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर. १९७२ च्या महागाईविरोधी चळवळीत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या गृहिणींनी या दोघींस आधीच ओळखले होते. आपल्या ज्ञातीतील ज्या स्त्रियांनी पूर्वी पतीस विचारून शिक्का मारला, त्यांतील कित्येकींनी त्या वर्षी पतीस विचारले नाही, असे माझी आई हसून सांगत असे. तिने स्वतः कोणास मत दिले हे तिने कधी सांगितले नाही.

आता मी त्या काळाकडे येतो, ज्याविषयी लिहिताना हात थोडा कापतो. १९८२ च्या १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. बोनस व पगार यांखेरीज त्यामागे आणखी एक वेदना होती. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटना होती. कामगार सामंतांच्या मागे असले तरी बोलणी करण्याचा अधिकार त्या संघाचा. म्हणजे ज्यास कामगार मानतात त्यास कायदा मानीत नाही. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर हजारो संसारही विरले. माझे वडील साचाखात्यात होते. संपानंतर त्यांस पुन्हा घेतले नाही. रात्री एका गोदामावर ते पहारेकरी म्हणून जात. संपाच्या काळात आमच्या मजल्यावर ज्याच्या घरी गावाहून तांदूळ आले त्याने ते सर्वांस वाटले. त्या पेजेच्या पातेल्यास कोणी ज्ञाती विचारली नाही.

१९८४ च्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट एवढी प्रचंड होती, की काँग्रेसने देशात चारशेहून अधिक जागा जिंकल्या. मुंबईच्या सहापैकी पाच जागा तिच्याकडे गेल्या. सहावी, दक्षिण-मध्य मुंबईची, डॉ. दत्ता सामंतांनी जिंकली. हरलेल्या संपाच्या पुढाऱ्यास गिरणगावाने निवडून दिले. आणि पुढे काहीच महिन्यांनी, १९८५ च्या महापालिका निवडणुकीत, त्याच गिरणगावाने शिवसेनेस भरभरून मते दिली व महापालिकेची सत्ता सेनेकडे गेली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याची चर्चा तेव्हा पुन्हा उठली होती. दिल्लीस पाठवावयाचा माणूस निराळा, पाण्याच्या नळासाठी निवडावयाचा माणूस निराळा. मतदार एकच, परंतु प्रत्येक पेटीपुढे त्याचा विचार स्वतंत्र.

याच १९८५ सालच्या निवडणुकीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती आजवर मी जाहीरपणे सांगितलेली नाही. ज्ञातीतील काही वडीलधाऱ्या मंडळींनी एका उमेदवारास शब्द दिला, की आमच्या विभागातील ज्ञातीची सव्वादोनशे मते आपणांस. मोबदल्यात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दोन गाळे मिळवून द्यावयाचे होते. हेतू वाईट नव्हता. त्या मंडळींपैकी आज कोणी हयात नाही, आणि उमेदवाराच्या नावाचे येथे काही प्रयोजन नाही. नावांची यादी करावयाची होती. “गुरुजी, तुमचे अक्षर चांगले, तुम्हीच लिहा,” असे म्हणून कागद माझ्यापुढे ठेवला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो व या मानाने फुलून गेलो होतो. निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकाने असे काही करू नये हेही मला कळले नाही. मी चाळवार, खोलीवार, सव्वादोनशे नावे लिहिली. त्यांत वडिलांचे नाव लिहिले, आईचे लिहिले, काकांचेही लिहिले. कोणास विचारले नाही.

चार दिवसांत ती यादी चाळीत पसरली. वडील पहाऱ्यावरून आले, त्यांनी चहाही घेतला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “मत माझं, त्यावर तुझं अक्षर कसं?” मी काही बोलू शकलो नाही. शेजारच्या खोलीत आमच्याच गावाकडील परंतु निराळ्या ज्ञातीच्या एक विधवा बाई राहात. संपात त्यांच्या घरचे तांदूळ आम्ही खाल्ले होते. त्या आईस म्हणाल्या, “तुम्ही तुमची वेगळी यादी केलीत, मग आम्ही कोण?” आईने त्यांची समजूत घातली, परंतु दोन घरांमधील ते दार पुढे पूर्वीसारखे उघडे राहिले नाही. मतमोजणी झाली तेव्हा आमच्या भागातून त्या उमेदवारास मिळालेली एकूण मते यादीतील नावांच्या निम्मीही भरली नाहीत. उमेदवार निवडून आला, परंतु गाळे मिळाले नाहीत. ज्ञातीची मते मुठीत आहेत हे सांगणाऱ्यांची मूठ उघडी पडली. आमच्या हाती वसतिगृह आले नाही, आणि शेजार मात्र गेला.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. १९८९ साली दक्षिण-मध्य मुंबईतून वामनराव महाडिक लोकसभेत गेले, व १९९१ पासून २००४ पर्यंत मोहन रावले सलग पाच वेळा निवडून आले. १९९७ च्या जानेवारीत डॉ. सामंत यांचा खून झाला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा केला. धुराड्यांच्या जागी मॉल व मनोरे आले. आपली पुष्कळ कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार येथे गेली. २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना होऊन परळ-लालबागचा भाग दक्षिण मुंबईस जोडला गेला. २००९ साली शिवडीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर निवडून आले, २०१४ साली तीच जागा शिवसेनेने परत घेतली. २०२२ साली शिवसेना दुभंगली, तेव्हा घराघरांत पुन्हा १९७० सारखे वाद झाले. या सर्व उलथापालथीत आपल्या ज्ञातीची मते एका बाजूस कधीही गेली नाहीत.

आता त्या तरुण बंधूच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणे देतो. आपली मते किती? याचा खात्रीचा आकडा कोणापाशी नाही. १९५१ पासून २०११ पर्यंतच्या शिरगणतींत अनुसूचित जाती व जमाती यांखेरीज इतर जातींची नोंद झाली नाही. जो कोणी आकडा सांगेल तो अंदाज सांगेल, आणि अंदाजावर दिलेला शब्द पुरा होत नाही. ती एकत्र कोणास द्यावी? इतिहास सांगतो की गिरणगावात ज्ञातीने माणसास खोली दिली, जेवण दिले, अडीअडचणीस पैसा दिला. परंतु मत दिले ते माणसाने स्वतः. १९५७ साली सर्वजण एकत्र आले ते यादीमुळे नव्हे. सामाईक दुःखाने त्यांस एकत्र आणले. आणि ज्या ज्या वेळी कोणी मतांचा गठ्ठा बांधून त्याचा सौदा केला, त्या त्या वेळी गठ्ठा सुटला, व पदरी नुकसान आले.

मग संस्थेने राजकारणापासून दूर बसावे काय? तसेही माझे म्हणणे नाही. मतदारयादीत ज्यांची नावे नाहीत, विशेषतः उपनगरांत स्थलांतर केलेल्यांची व नव्याने अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींची, ती नोंदविण्यास संस्थेने साह्य करावे. सर्व पक्षांच्या उमेदवारांस एका व्यासपीठावर बोलवावे, व वसतिगृह, शिष्यवृत्ती, गिरणी कामगारांची घरे यांविषयी त्यांस प्रश्न विचारावेत. उत्तरे स्मरणिकेत छापावीत, म्हणजे पाच वर्षांनी ती ताडून पाहता येतील. सभागृहाच्या भिंतीवर कोणत्याही पक्षाचा फलक लावू नये. इतके केल्यानंतर मतदान केंद्राच्या दारापासून पुढे प्रत्येकास एकट्याने जाऊ द्यावे.

नोकरीच्या काळात मी अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून बसलो. पुढे शिक्क्यांऐवजी यंत्रे आली, तरी बोटास लावावयाची शाई तीच राहिली. एका निवडणुकीत माझे वडील माझ्याच केंद्रावर मतदानास आले. त्यांनी रांगेत उभे राहून आपली पाळी येऊ दिली, ओळख दाखविली नाही, व डावी तर्जनी माझ्यापुढे धरली. साच्यावर काम करून त्या बोटाच्या पेरावर घट्टा पडलेला होता. मी शाईची रेघ ओढली. ते पडद्याआड गेले, बाहेर आले, आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले. त्यांनी कोणास मत दिले हे मला आजही ठाऊक नाही. ते मी विचारले नाही, एवढेच मी त्या यादीनंतर शिकलो.

पुढील सभेत हा विषय निघेल तेव्हा ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास सूज्ञ वाचकांनी क्षमा करावी.